क्लचचा गॅप

आप्पा, आज मुरूम गावच्या एका डॉक्टरांची जुनी परदेशी गाडी माझ्या गॅरेजात आलीय. एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच जळालाय. पुली फिरते, पण थंड हवा येत नाही. प्लेट काढून हातात घेतली, तापून निळी पडलेली, आणि दुपारपर्यंत नुसता बसून राहिलो.

दुष्काळातला तो मे महिना. तुम्ही साखर कारखान्याच्या गॅरेजचे हेडमिस्त्री आणि मी, तुमचा पोरगा, आयटीआय करून तुमच्याच हाताखाली लागलेलो. चेअरमनसाहेबांच्या आईला दमा होता, उन्हात जीव कासावीस व्हायचा. दुसऱ्या दिवशी त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून गाडीचा एसी चालू करून द्या असा निरोप आला. तुम्ही टँकरच्या पंपात अडकलेले. जाता जाता एवढंच सांगितलंत, "प्लेट आन् पुलीतला गॅप डोळ्यानं मोजू नगंस. मापाची पट्टी घालून बघ." मी नवी कॉइल बसवली, वर प्लेट चढवली, आणि तेवढ्यात वसाहतीत पाण्याचा टँकर आल्याचा ओरडा झाला. बायकोला सातवा महिना, रांगेत ती एकटी. मधला नट आवळला आणि घागरी उचलायला पळालो. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, गॅप बघितला का. मी व्हय म्हणालो.

गाडी नळदुर्गाच्या अलीकडं बंद पडली. गॅप कमी राहिला होता, प्लेट सारखी पुलीला घासत होती, बेअरिंग तापून जाम झालं, बेल्ट तुटला. इंजिनाचा पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर, त्यामुळं इंजिन उकळलं. म्हातारी भर उन्हात दोन तास रस्त्याकडंच्या बाभळीखाली पडून होती. शेवटी एसटीनं सोलापूरला नेली. चौथ्या दिवशी गेली. तशीही फार दिवस काढली नसती, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मी ते वाक्य अजून धरून आहे.

ओढून आणलेल्या गाडीचा क्लच तुम्ही उघडताय, प्लेट बघताय, मग माझ्याकडं बघताय. साहेब समोर उभे. तुम्ही म्हणालात, "चूक माझ्या हातची हाय, साहेब." मी शेजारीच होतो, हातात पुसायचं फडकं. तोंड उघडलं नाही. तुम्हाला गेटवर वॉचमन केलं आणि तुमच्या जागी मला. त्या दिवशी घरी तुम्ही मला झोडपाल असं वाटत होतं. तुम्ही निमूट जेवलात आणि म्हणालात, "तुझ्या घरात लेकरू येणार हाय. माझं काय, होत आलं." तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. तुम्ही परत पाना हातात धरला नाहीत. दीड वर्षात, वॉचमनच्या खाकी कपड्यांतच, गेलात.

हे धाडायचं कुठं, वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. तुम्ही गेटवर बसायला लागल्यापासून मी मागच्या, उसाच्या गाड्यांच्या फाटकानं कामावर जायचो. पुढनं गेलो असतो तर तुम्ही स्टुलावरनं उठून मला दार उघडलं असतं. एकदा तुम्ही विचारलंत, "हितनं का येत न्हाईस?" मी म्हणालो, मागनं जवळ पडतं.

लांबच पडायचं, आप्पा.