प्राइमर बदलला की दांडा अडतो

मी, सदानंद केशव पाटणकर, वय अठ्ठावन्न, राहणार उम्म अल कुवैन, पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; एक आहे, त्याचे पुढे सांगतो.

चिपळूणचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक पत्नी अनुपमा हिची. पंखे बदलून घे, मी आयुष्यभर टाळले.

नेमबाजी क्लबच्या परवान्याखाली मी ज्या यंत्रावर पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत आलो, ते क्लबच्या परवानगीने मुलगी ईश्वरी हिला द्यावे. ती चांगली नेमबाज आहे, पण "बाबा, प्राइमर इज प्राइमर" असे म्हणते. काडतुसाच्या बुडातल्या या टोप्या दिसतात सारख्या, पेटतात वेगळ्या. मॅग्नम प्रकारची जास्त भडकते. नेहमीची संपली म्हणून दुसरी बसवायची तर आधी दारूच्या मापांचा तक्ता पाहायचा, दारू कमी करून नव्याने सुरुवात करायची. तक्त्यात नसेल तर गुमान घरी यायचे.

मेहुणा रामेश्वर याला काही देऊ नये. त्याने घाईत मॅग्नम टोप्या बसवल्या, दारू तेवढीच ठेवली, आणि पिस्तूल माझा नेमबाजीतला जोडीदार अबरार याच्या हातात फुटले. अबरार गेला. रामेश्वर अजून नशिबाला बोल लावतो. माझ्या तेराव्याला त्याला बोलावू नये.

अबरार गेल्यापासून मी चुकीची टोपी उचलली की यंत्राचा दांडा खाली येत नाही. कोणी खालून धरल्यासारखा. टोपी बदलली की सुटतो. मला त्याचा आधार वाटे.

परवा दांडा अडला, आणि टोपी बरोबर होती. डबी, तक्ता, दारू, सगळे पुन्हा पाहिले. शेवटी म्हणालो, "अबरारभाई, खलास. छोड़ दो." दांडा सुटला आणि माझे उजवे मनगट धरले गेले. ते अजून सुटलेले नाही. डॉक्टरला काही सापडत नाही. अबरारची बायको सुमैय्या हिने मनगटावर उमटलेली बोटे पाहिली. "उन्हीं की पकड़ है, सदानंदभाई," ती म्हणाली, "लेने आए हैं." मला भीती वाटते आहे.

ईश्वरी, माझ्यामागे त्या यंत्रावर तू एकटी नसशील. दांडा अडला तर जोर लावू नकोस, बाळा. टोपी बघ. तो मी असेन.

सही डाव्या हाताची आहे, ती माझीच मानावी.

सदानंद केशव पाटणकर

साक्षीदार: सुमैय्या अबरार शेख, सुजीत मोहिते, शेजारी

उम्म अल कुवैन, ९ फेब्रुवारी २०२५