अण्णा, तुझा निळा राहिलाय

प्रिय अण्णा,

काल सकाळी आपल्या गावचे पुढारी एका फ्रेमवाल्याला घेऊन घरी आलते, म्हणून हे पत्र. न्हाईतर तुला लिहायची मला काय हौस न्हाई. जिता होतास तवा तरी कधी लिहिलं?

त्यांना तू काढलेला आकाशाचा फोटो पायजे. ज्या शाळेत तू जल्मभर विज्ञान शिकवलंस, तिथल्या हॉलमधी लावायचाय. खाली तुझं नाव, वर त्यांचं तोंड. फ्लेक्स तर आधीच छापलाय! 'थोर खगोलशास्त्रज्ञ' लिहिलंय आन मागं शनीचं कडं, कुठून तरी उचललेलं. तू शनीचा फोटो कधी काढलास रे? अख्ख्या चौसाळ्यात एकालाबी ठाऊक न्हाई तू काय करत होतास.

मग पुढारी इकडंतिकडं बघून विचारतेत, "मास्तरची दुर्बीण कुठाय?"

मी म्हणलं, "चिली देशात. डोंगरावर."

फ्रेमवाला फिस्सकन हसला. मला त्याचं थोबाड फोडावं वाटलं. पण कोणत्या तोंडानं? पयला हसणारा तर मीच.

शेत बटाईनं घेतेत, टेम्पो भाड्यानं घेतेत, लग्नाला मांडव भाड्यानं घेतेत. आकाश भाड्यानं घेणारा तू एकटाच! हायवेचे दिवे लागले, गच्चीवरून काय दिसंना, तर तू तुझी दुर्बीण शाळेला देऊन टाकलीस आन इंटरनेटवरून चिलीतली तासावर घ्यायला लागलास. तिकडं रात्र तवा इकडं सकाळ. मी सोयाबीनवर फवारायला निघायचो आन तू खिडक्या लावून, चहाची बशी हातात धरून, त्या लॅपटॉपम्होरं बसायचास. "आमच्या अण्णाला सकाळी दहाला चांदण्या दिसतात," हे मी एसटी स्टँडवर किती जणांला सांगितलं असंल! लोक पोट धरून हसायचे. मीबी हसायचो.

तू तरी कुठं कमी होतास? "तुझ्या डोक्यात शिरायचं न्हाई, तरी ऐक," ही तुझी सुरुवात. वर्गातल्या पोरांला गोडीनं सांगायचास, सख्ख्या भावाला मातर असं! त्या कॅमेऱ्यात रंग नसतो, म्हणलास. त्याच्यापुढं लाल काच धरून तासन्तास उजेड गोळा करायचा, मग हिरवी, मग निळी. तिन्ही फोटो एकावर एक ठेवले की खरा रंग येतो. आपल्या बीडच्या आकाशात कधी उगवतच न्हाई अशी एक दीर्घिका, कोट्यवधी ताऱ्यांचा एक ढग, तुला रंगीत पायजे होती. ही शेवटची, म्हणलास. लाल झाला, हिरवा झाला, आन तुझ्या किडन्यांनी हात टेकले.

दवाखान्यात तू त्या दुर्बिणीचा पासवर्ड लिहून दिलास. वहिनीला न्हाई, मला! "निळ्यासाठी तारीख धर. आवसंच्या आजूबाजूची." एवढंच बोललास.

अण्णा, तू असा पडलेला, सलाईन लावलेलं, आन मी आवस धरू? आपल्या घरात आवसंला कुणी गोठ्यातलं वासरूबी इकायला काढत न्हाई. मी पंचांग काढलं. गुरुपुनव जवळ आलती. मास्तर माणसाला याच्याहून चांगला दिवस कोणता? धरली. तुला म्हणलं, "धरली तारीख." कोणती, ते तू इचारलंबी न्हाईस. जल्मभर माझ्यावर इस्वास ठेवला न्हाई आन ठेवला तो नेमका तवाच! कावून ठेवलास?

फोटो आले तसा मी लॅपटॉप घेऊन बीडला दवाखान्यात पळालो. वाटलं, आता तरी म्हणशील, जमलं. तू बघितलंस. सगळं पांढरंफक, ताक सांडल्यासारखं.

"कोणता दिवस धरलास बे?"

"गुरुपुनव."

मग म्हणलास, "पुनवंला चंद्र असतो, बापू. निळ्याला तोच जास्ती नडतो."

शेळीलाबी कळतं, असं म्हणायचं की! गाढव म्हणायचं! तू नुसतं "राहू दे" म्हणलास आन लॅपटॉप मिटवलास. पुढची आवस यायच्या आत गेलास. शुभ दिवस बघून कुणाचं काय शुभ झालं? अक्कल गहाण ठेवून पंचांग उघडणारा माझ्यासारखा मूर्ख अख्ख्या जिल्ह्यात दुसरा न्हाई.

हे पुढाऱ्याला कशाला सांगू? फोटो अर्धा हाय, एवढंच म्हणलं. लाल-हिरव्याचा नुसता पिवळा दिसतो. तर म्हणतेत, "चालतंय की! पिवळा म्हंजे हळदीचा. शुभ हाय."

शुभ! ते ऐकलं आन माझं डोस्कं फिरलं. "व्हा बाहेर," म्हणलं. फ्रेमवाला अर्धा चहा टाकून पळाला. पुढारी चप्पल घालता घालता म्हणले, "मास्तर बरा होता, भाऊ येडा हाय." वहिनी आतून ऐकत होती. तू गेल्यापासून पयल्यांदा हसली.

मला तुझी आठवण येती, अण्णा, आन तुझा रागबी येतो. दवाखान्यात एकदा आवाज चढवला असतास तर मी मोकळा झालो असतो. त्या 'राहू दे'चं मी काय करू?

सर्वपित्रीची आवस धरलीय. त्या दिवशी सगळं गेलेल्यांसाठीच करतेत, तवा पंचांगानं आता मला शिकवू नये. वहिनी म्हणली, "आदी पान वाढू, मग तुमचं ते." मी म्हणलं, सकाळी साडेसहाला तिकडं अंधार पडलेला असतो, तो काय आपल्या कढी-वड्यासाठी थांबत न्हाई. आदी निळा.

तिकडं ढग आले तर पुढची आवस. ती गेली तर तिच्या पुढची. निळा पुरा करीन, अण्णा, हा माझा शब्द. खाली नाव तुझं एकट्याचं. वर कुणाचंच तोंड न्हाई.

आन तिन्ही रंग एकावर एक बसले, की कुणाला दाखवायच्या आदी मी एकटाच बसून बघीन. तवा मला गाढव म्हण. नेहमीच्या आवाजात म्हण.

तुझा धाकटा,
बापू