जैतुनाच्या तेलावर चाललेली गाडी

स्फाक्स, सोमवार

आदरणीय बाबांना लझहरचा सलाम.

तुमच्या गुडघ्यांना, आईच्या दाढेला आणि शेजारच्या मबरूकाच्या जिभेला आराम पडो अशी दुआ रोज करतो (तिसरी कबूल होईल असं वाटत नाही). मी ठणठणीत आहे. हे पत्र चष्मा लावून स्वतः वाचा, मबरूकाकडून वाचून घेऊ नका. फोनवर तुम्ही विचारता "बरा आहेस?", मी म्हणतो "बरा", आणि तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहायला बसलो. सहावीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घ्या.

तर आमचे मुन्सिफ उस्ताद, ज्यांच्या गॅरेजात मी तीन वर्षं टिकलोय (तीन महिन्यांत पळून येईल, असं तुम्हीच म्हणाला होतात), त्यांनी आपल्या वडिलांची जुनी पिकअप परसातल्या कोंबड्यांकडून परत मिळवली. कल्पना त्यांची नाही, फरीदाकाकूंची. उस्तादांचा मुलगा इहाब पंधरा वर्षांचा आहे आणि बापाशी बोलायचं झालं तर आईमार्फत बोलतो. काकू एक दिवस म्हणाल्या, "तुम्हा दोघांची टपालकी करून मी दमले. मिळून ही गाडी उभी करा, नाहीतर मी माहेरी चालले." झालं, दर शुक्रवारी नमाजानंतर कामाला सुरुवात. मी मदतीला, म्हणजे खरं तर दोघांच्या मध्ये. पहिले चार महिने उस्ताद म्हणायचे "पाना दे" आणि पोरगा म्हणायचा "कुठला?" एवढाच काय तो संवाद. इहाबने रागारागात डावं दार इतकं घासलं, की गंजाबरोबर पत्राही गेला आणि त्यातून शेजाऱ्यांची बकरी दिसायला लागली. उस्तादांनी भोकाला ठिगळ मारलं. इंजिन काढलं, उकललं, पुन्हा बसवलं, दोन नट उरले (उस्ताद म्हणतात ते आधीपासूनच जादा होते).

गेल्या शुक्रवारी गाडी सुरू करायची होती. आता आपल्याकडे काय किंवा इथे काय, चांगला डबा फेकणं पाप. जैतुनाचा हंगाम झाला की घाण्यावरून आणलेलं वर्षाचं तेल ज्यात मावेल त्यात भरतात. काकूंनीही भरलं होतं, इंजिन ऑइलच्या धुतलेल्या पिवळ्या डब्यात, आणि ओसरीवर ठेवलं होतं. शेजारीच उस्तादांचा डबा. तसाच पिवळा. पुढचं तुम्ही ओळखलंत. इहाबने पूर्ण चार लिटर इंजिनात ओतलं. किल्ली फिरवली, गाडी खोकली, शिंकली आणि चक्क सुरू झाली. गल्ली टाळ्या वाजवत होती. मग मागून निळा धूर आला आणि त्याला असा खमंग वास, की समोरची म्हातारी खिडकीतून ओरडली, "कुणाकडे साखरपुडा आहे गं, आणि आम्हाला आवतण नाही?" तेवढ्यात काकू दुसरा डबा घेऊन आल्या. "माझं तेल कुठंय? मी यात मासे तळायला निघाले होते."

उस्तादांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळले. "लझहर, गाढवा, तीन वर्षांत तुला वास कळत नाही?" माझे पाय तोवर फाटकापाशी पोचले होते (पायांची ही सवय तुम्हाला ठाऊक आहे). आणि मागून इहाब म्हणाला, "बाबा, तो नाही. मी ओतलं."

उस्तादांनी इंजिनातली तेल मोजायची काडी बाहेर काढली, वास घेतला. मग म्हणाले, "या वर्षीचं आहे. तुझ्या आजीच्या बागेतलं. फरीदा, भाकरी आण." आणि हसायला लागले. पोरगाही हसला. दोघं खाली बसून ते तेल काढत होते आणि हसत होते. आता दिवसभर भांडतात, कार्बोरेटरवरून, रंगावरून. काकू म्हणतात, पूर्वीचं बरं होतं.

मी मात्र फाटक धरून तसाच उभा राहिलो. तुमची आठवण आली. बाकी क्षेम.

तुमचा,
लझहर

ता. क. आई म्हणाली, येत्या आठवड्यात भंगारवाला आपली अंजिराखालची गाडी न्यायला येतोय. देऊ नका. ईदला येतोय, पाने घेऊन येतो.

ता. क. सहा वर्षांपूर्वी, तुम्ही अंजिरं घेऊन बाजाराला निघालात त्याच्या आदल्या संध्याकाळी, ऑइल मी बदललं होतं. शाळा सोडली पण हाताला काहीतरी येतं, हे तुम्हाला दाखवायचं होतं. खालचा बोल्ट नीट आवळला नाही. चढावर तेल गेलं, इंजिन जाम झालं, आणि दोनच दिवस आधी ताहिरकाकांनी गाडी तपासली होती म्हणून तुम्ही त्यांना भर कॅफेत म्हणालात, "ताहिर, तुझे हात आंधळे झालेत." गाडी बंद पडल्यावर काका तिच्याखाली शिरले होते तेव्हा मी शेजारीच होतो. बोल्टवर आपल्या घरच्या पकडीचे दात उमटले होते. काकांनी ते बघितले, माझ्याकडे बघितलं आणि बोल्ट खिशात टाकला. तुम्ही तेव्हापासून त्यांच्याशी बोलला नाहीत. तेही कुणाशी काही बोलले नाहीत.

ता. क. आता हे पत्र मबरूकाला दिलंत तरी चालेल. किंवा कॅफेत घेऊन जा आणि तिथेच मोठ्याने वाचा. ताहिरकाका अजून खिडकीपाशीच बसतात ना?