मांडीवरचं यंत्र

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून पत्र. तुझी बायको म्हणाली, मांडीत गाठ आलीय आणि तू दाखवत नाहीस. मी विचारलं, पोलिसांचं ते गाड्यांचा वेग मोजायचं रडार तो मधल्या वेळात ठेवतो कुठे? म्हणाली, मांजर घेऊन बसावं तसं मांडीवर. त्याच मांडीवर.

मी कॉलेजाचं तोंड पाहिलं नाही, रेडिओ उघडून उघडूनच शिकलो. पण लहरी मला कळतात. त्यांनीच गाठ होते असं छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण चालू यंत्र अंगावर घेऊ नये. डॉक्टरकडे जा. रागाव हवं तर, लोभ कमी करू नकोस.
दादा

१० जून

ती. दादास,
सा. नमस्कार. तुझी मास्तरकी पोचली. मांडीवर ठेवताना मी बटण दाबतो, पडदा काळा होतो, यंत्र झोपतं. पूर्ण बंद केलं तर जागं होईपर्यंत गाडी निसटते. आमच्यात सगळेच असं करतात. डॉक्टरने काही लिहिलं की मला रस्त्यावरून उचलून टेबलाशी बसवतील, आणि मी फायलींत कुजेन. घरातल्या बातमीदारालाही हे कळव. लोभ आहेच.
धाकटा

१४ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. पडदा काळा म्हणजे यंत्र झोपलं, हे कोणी सांगितलं? लहानपणी तूही डोळे मिटून जागाच असायचास. रडार जवळ आलं की ओरडणारी डबी वेगवान ड्रायव्हर लपवून बाळगतात. तुम्ही जप्त केलेली एखादी असेलच. यंत्र झोपव आणि ती समोर धर. चुकलो तर कान पकडीन. लवकर कळव. माझं कामात लक्ष नाही. काल एका गिऱ्हाइकाचा पंखा उलटा फिरेल असा जोडून दिला.
दादा

२२ जून

ती. दादास,
सा. नमस्कार. डबी ओरडली. पडदा काळा, यंत्र मांडीवर. आधी सगळे हसले. मग ड्यूटीवरच्या जोडीदाराने स्वतःचं यंत्र झोपवून पाहिलं, तेव्हा कोणी हसलं नाही. आता पूर्ण बंद करून मागच्या सीटवर ठेवतो. गाड्या निसटतात, निसटोत.

काल डॉक्टरकडे गेलो. पुढच्या शुक्रवारी गाठीचा तुकडा काढून तपासणार. कशाने झाली ते त्यांनाही सांगता येत नाही. टेबलाची भीती गेली, दुसरीच बसलीय. तू ये. काही समजावू नकोस, काही दुरुस्त करू नकोस. नुसता शेजारी बस.
धाकटा

२५ जून

चि. धाकट्यास,
गुरुवारीच पोचतो. हत्यारांची पेटी घरी ठेवून येतोय.
दादा