ताईचं पेस्ट कंट्रोल आणि माझं डिजिटल

६ जानेवारी २०२५
आजपासून रोज लिहिणार. पवईच्या कंपनीला माझी झेप झेपली नाही, त्यामुळे आता घरच्या धंद्यात लक्ष. 'नलिनी पेस्ट कंट्रोल', मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा. बाबांनी नाव ताईचं दिलं. मी तेव्हा लहान होतो, आक्षेप घेता आला नाही.
पहिलं निरीक्षण: फेसबुक पेज नाही. इन्स्टाग्राम नाही. ईमेल आहे, पण पासवर्ड कोणालाच माहीत नाही. ताई फोन उचलते, नंदूला पाठवते, नंदू औषध मारून येतो. याला ती धंदा म्हणते.

८ जानेवारी
नंदूच्या स्कूटरवर धंद्याचं साधं नाव नाही. विचारलं. ताई म्हणाली, अरे चंदू, घरात ढेकूण झालेत हे शेजाऱ्यांना कळू द्यायचं नसतं लोकांना. म्हणून नंदू औषधाचा पंप क्रिकेटच्या किटबॅगेत घालून नेतो आणि वॉचमनला 'फ्रिज रिपेअर' सांगतो. सगळं जग छाती काढून जाहिरात करतंय आणि आम्ही चोरासारखे मागच्या जिन्याने. शरम वाटली.
निश्चय: महिनाभरात सोशल मीडिया आणि ईमेल मार्केटिंगचं टूल निवडायचं. शास्त्रशुद्ध पद्धतीने.

११ जानेवारी
अभ्यास सुरू. निळ्या लोगोवालं टूल पोस्ट टाकतं, मेल पाठवत नाही. पाकिटाच्या लोगोवालं मेल पाठवतं, पोस्ट टाकत नाही. दोन्ही अर्धवट. तिसऱ्याने धंद्याचा प्रकार विचारला. पर्यायांत पेस्ट कंट्रोल नव्हतं, म्हणून 'वेलनेस' निवडलं. सकाळपासून योगा मॅट कशी विकावी यावर सल्ले येतायत.
नंदू मागून डोकावला. म्हणाला, दादा, व्हॉट्सॲपला स्टेटस टाका ना, फुकट असतं. मी हसलो. मोठ्या मनाने त्याला 'सेल्स फनेल' समजवायला बसलो. म्हणाला, म्हणजे रॉकेल ओतायचं नरसाळं ना?
अशा लोकांना घेऊन मला पुढे जायचंय.

२० जानेवारी
फ्री ट्रायल सगळ्यांच्याच चालू केल्यात. तुलनेसाठी. मेलबॉक्स वेलकमने भरलाय.
ताई म्हणाली, मुलुंडच्या क्लासवाल्या निलेश सरांना जरा फोन कर, उंदीर परत आले का विचार. मी म्हटलं, मी सध्या स्ट्रॅटेजीत आहे. तिने स्वतःच केला. काम मिळालं. योगायोग.

२ फेब्रुवारी
निवड झाली! पोपटाच्या लोगोवालं. फेसबुक, इन्स्टा, ईमेल, तिन्ही एका बटणात; पेजही त्यानेच उघडून दिलं. शिवाय एक झकास सोय. ग्राहकाचं नाव, पत्ता आणि समस्या भरली की ते आपलं आपण 'समाधानी ग्राहक' नावाची कार्डं बनवतं. ताईच्या कॉम्प्युटरवरून सगळ्यांची माहिती उचलली. तिला बोललो नाही. सरप्राइज. तिला तेवढं एक सुख मिळू दे.

५ फेब्रुवारी
कार्डं तयार. बघत राहावं अशी. वर हसणारं गोरं कुटुंब आणि त्यांचा कुत्रा, फोटो टूलचाच. खाली मजकूर: 'आमच्या किचनमध्ये झुरळं होती. आता नाहीत! मुकुलशेठ, शुद्ध शाकाहारी भोजनालय, घाटकोपर.' किंवा: 'आमच्याकडे ढेकूण होते. आता नाहीत! क्षमा पालव, पालव लेडीज होस्टेल, मरोळ.'
शब्द माझे, पण भावना त्यांच्याच. परवानगी वगैरे प्रश्न छोट्या माणसांना पडतात.
उद्यापासून रोज सकाळी एक कार्ड आपोआप सगळीकडे झळकेल आणि तेच प्रत्येक ग्राहकाला मेलने जाईल. मोठे ग्राहक आधी. ताई आणि नंदू उद्यापासून दोन दिवस भिवंडीला गोदामाच्या कामावर. येतील तेव्हा धंदा ओळखू येणार नाही.

७ फेब्रुवारी, दुपार
कालपासून गाळ्यातला फोन थांबत नाहीये. लीड्स, म्हणजे नवी गिऱ्हाइकं! मी उचलत नाही, तो ताईचा विभाग. ती मोबाइलचा चार्जर इथेच विसरून गेलीय. डिजिटल निरक्षरता म्हणतात ती हीच.
काल मुकुलशेठचं कार्ड गेलं, आज निलेश सरांचं, उंदरांचं. मुकुलशेठच्या खाली कॉमेंटचा पाऊस. एक म्हणतो, परवाच तिथे पावभाजी हाणली रे, वाट लागली. दुसरा म्हणतो, तरीच मसाला डोसा जरा जास्तच कुरकुरीत होता. एंगेजमेंट म्हणतात याला! टूलनेही अभिनंदन केलं. घरचं कोणी करेल अशी अपेक्षा नाही.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
ताई आली. मोबाइल चार्जिंगला लावला आणि उभ्या उभ्या मेसेज वाचत राहिली. ओरडली नाही. हे वाईट. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. शेवटी एवढंच म्हणाली, चंदू, हे तुला कोणी करायला सांगितलं? मी तिला रीचचा, म्हणजे किती लोकांनी बघितलं त्याचा, आलेख दाखवला. चढता होता. तिने तो बघितला नाही. चपला घातल्या आणि घाटकोपरला गेली.

८ फेब्रुवारी
मुकुलशेठने ताईला आत घेतलं नाही, फुटपाथवर उभं ठेवलं. ऐन जेवणाच्या वेळी भोजनालय रिकामं होतं म्हणे. निलेश सरांकडे तर पालकांनी उंदराचं कार्ड क्लासच्याच ग्रुपवर टाकलंय. लोकांना ब्रँडिंग पचत नाही.
काल रात्री घाटकोपरहून परत आल्यावर ताईने बजावलं होतं, ते ताबडतोब थांबव. आज सकाळी क्षमाबाईंचं कार्ड गेलं. थांबवायचं बटण सापडलं नाही. ताईला 'प्रोसेसमध्ये आहे' असं सांगितलं. तिने विश्वास ठेवला. साधी आहे ती.

९ फेब्रुवारी, दुपार
आजही एक कार्ड गेलं. ताई मला हाताला धरून क्षमाबाईंच्या होस्टेलवर घेऊन गेली. वाटेत मी भाषण जुळवलं: संकट नव्हे, संधी.
तीन खाटा रिकाम्या. एका मुलीचे वडील रातोरात चिपळूणहून येऊन तिला घेऊन गेले. क्षमाबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताईला म्हणाल्या, नलिनी, मी पोरींना रंगाचं काम आहे म्हणून सांगितलं होतं गं. कोणाला कळणार नाही या तुझ्या शब्दावर. आता त्या म्हणतात, बाई अजून काय काय लपवते कोण जाणे.
माझी ताई इस्टेटच्या सेक्रेटरीचंसुद्धा ऐकून घेत नाही. ती मान खाली घालून उभी. म्हणाली, चूक माझी आहे, क्षमा. मी घरात ठेवलं त्याला.
मी संधीबद्दल बोललो नाही. घसा बसला होता. एसीमुळे असणार.
तिथे एसी नव्हता.
परत येताना रिक्षात ताई म्हणाली, आज ते सगळं बंद कर आणि उद्यापासून गाळ्यावर येऊ नकोस. काही दिवस म्हणाली की कायमचं, नीट ऐकू आलं नाही. रिक्षाचा आवाज फार.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
बटण सापडलं. पहिल्याच पानावर होतं. लाल.
पेज उडवलं. इन्स्टा उडवलं. उरलेली कार्डं पुसली. मग टूलचं खातं. त्याने विचारलं, का सोडताय? एक कारण निवडा. 'फार महाग आहे.' 'वापरायला अवघड आहे.' 'दुसरं टूल मिळालं.' 'मी आता या धंद्यात नाही.' शेवटच्यावर बोट जरा थांबलं. मग 'इतर' दाबलं. खाली रिकामी चौकट आली, सविस्तर लिहा म्हणून. बरंच लिहिण्यासारखं होतं. मराठी ग्राहकाची मानसिकता, छोट्या उद्योगातली घराणेशाही, वगैरे.
लिहिलं: ताईने सांगितलं.
लगेच मेल आला. तुम्ही जाताय याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतंय.
दोनदा वाचला. टूल चांगलं होतं.