एकदाच कापलेला देठ

१८ फेब्रुवारी १९७४

सौ. मिचियेताईस, इसामुचा सा. न. वि. वि.

आज सकाळी आमचे बागमालक तोकुझोकाका, त्यांनी कोठारातल्या संत्र्यांच्या पेटीत हात घातला, तो हिरव्या बुरशीने माखून बाहेर आला, आणि त्या क्षणी माझं सगळं फिरलं. वरच्या उतारावरच्या सगळ्या पेट्या, ताई! मी भरलेल्या. देठ दोनदा कापायचा हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक: आधी लांब ठेवून फळ उतरवायचं, मग फळालगत छाटायचं. मी एकदाच कापत सुटलो. हिसानोपेक्षा जास्त पेट्या भरून दाखवायच्या होत्या ना! खुंट शेजारच्या संत्र्यांना टोचले, आणि मार्चपर्यंत ठेवायचा माल नासला.

काकांनी हात पुसला आणि पुढची पेटी उघडली. एक शिवी तरी हासडायची! हिसानो त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणून आपलं आडनाव लावणारा घरजावई त्यांना हवा. त्यासाठीच तर मी कॉलेज अर्ध्यावर टाकून आलो, हिवाळाभर त्यांच्याकडे राबलो. वर मी आणि हिसानोच तोडत होतो, त्यामुळे पेट्या कुणाच्या हे त्यांना अजून माहीत नाही. काय करू? लगेच लिही. आईला कळवू नकोस.

तुझा,
इसामु

ओसाका, २२ फेब्रुवारी

चि. इसामु यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझे दाजी हसले. म्हणाले, की पोरगं कात्री फळाला लावत होतं आणि डोळे भलतीकडेच. मला नाही हसू आलं. कॉलेज सोडताना विचारलं नाहीस, आता विचारतोयस! स्वच्छ सदरा घाल, जा, चूक माझी म्हणून सांग आणि मान खाली घाल. माझी शपथ आहे, आवाज चढवू नकोस. लोकरी मोजे पाठवलेत, ते वापर. जेवत जा.

माया आहेच, ती अशीच असू दे.
मिचिये

२७ फेब्रुवारी

सौ. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र आलं त्याच दुपारी काकांकडे कोठारात गेलो, सगळं सांगितलं. काकांनी चहा पुढे सरकवला आणि म्हणाले, की हिसानोने त्या पेट्या आपल्या म्हणून मागेच कबूल केल्या. तेविसाव्या वर्षी जिला कात्री धरता येत नाही तिला कसलेला नवरा हवा, म्हणून परवाच त्यांनी डोंगरापलीकडच्या बागायतदाराच्या धाकट्या मुलाला होकार कळवला.

तुझी शपथ मोडली, ताई. ओरडलो, की ती मला वाचवायला खोटं बोलली! ते शांतपणे म्हणाले, की तेच तर. ज्याच्यापायी माझी मुलगी बापाशी खोटं बोलते, त्याला मी माझं नाव कसं देऊ.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, एवढं मागतो. आता उरलं तेवढं सांगतो.

हिसानो दाराशी बसून चांगली फळं निवडत होती. मी थांबलो. ती एवढंच म्हणाली, की जाताना दार लावून घे, गार वारा लागला तर उरलेलीही जातील. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण फळांनी भरलेले हात तिने खाली ठेवले नाहीत. मी बाहेर पडलो आणि दार लावून घेतलं.

इसामु