तिसरं आणि चौथं रीळ

सर, गेल्या रविवारी तो पिक्चर पुन्हा पाहिला. मी ‘पिक्चर’ म्हटलं की तुम्ही चष्म्यावरून बघायचात आणि म्हणायचात, “पिक्चर भिंतीवर टांगतात, आपण चित्रपट दाखवतो.” तुम्हाला जाऊन वीस वर्षांहून जास्त झाली तरी तो शब्द सुटला नाही, माफ करा. तोच पिक्चर, बर्फातल्या गावाचा, बाप आणि लेकाचा. कॅनडातल्या त्या फ्रेंच बोलणाऱ्या दिग्दर्शकाचे चार जुने चित्रपट नव्याने स्वच्छ करून आपल्या पुण्यात आले होते. मुलीने तिकिटं काढली. ती खराडीला नोकरी करते, तिकडेच मैत्रिणींबरोबर राहते. म्हणाली, “बाबा, लहानपणापासून ऐकतेय, आता एकदा दाखवाच तुमचा तो पाववाला पिक्चर.” मी गेलो, पाहिला, आणि तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. सोमवारी महादेवाला बेल वाहायला गेलो तर वाहायचा विसरून तसाच पिशवीत घेऊन परत आलो. म्हणून तुम्हाला लिहितो आहे. दुसऱ्या कोणाला विचारणार? त्या दिवशी सभागृहात काय झालं ते फक्त दोघांना माहीत असू शकतं, त्यातले एक तुम्ही आहात, आणि दुसरा मी आहे की नाही हेच मला आता कळेनासं झालंय.

आपल्या चित्रपट मंडळाची खोली आठवते. शनिवार पेठेतल्या त्या इमारतीचा पहिला मजला, जुन्या फिल्मचा व्हिनेगरसारखा आंबूस वास, लांब टेबल, दोन टोकांना दोन चक्र्या. डाव्या चक्रीवरून उजवीकडे रीळ हळूहळू फिरवायचं, पांढऱ्या हातमोज्यातल्या दोन बोटांत फिल्मची कड धरायची, आणि कुठे फाटलंय, कुठे जोड उसवलाय ते बोटांना कळायला हवं. हे तुम्ही शिकवलंत. मी वऱ्हाडातल्या खेड्यातून आलेलो, ‘मला’ म्हणायच्या जागी अजून ‘मले’ निघायचं आणि मग खोलीतले बाकीचे हसायचे. एकदा तुम्ही त्यांना म्हणालात, “हसा. तिकडे कॅनडात एका माणसाने असल्याच बोलीत चित्रपट काढले. पॅरिसवाले हसले. आता पॅरिसवाले ते अभ्यासाला लावतात.” मग मला त्या दिग्दर्शकाबद्दल सांगत बसलात. त्यांच्या देशात सगळा मान इंग्रजीला, आणि हा पहिल्या काही जणांपैकी एक, ज्याने कॅमेरा खांद्यावर घेतला आणि आपल्याच गावच्या लाकूडतोड्यांत, कोळ्यांत, चर्चच्या पायरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांत जाऊन उभा राहिला. त्यांना म्हणाला, घरी बोलता तसं बोला. मला फ्रेंच येत नव्हतं, आजही येत नाही, पण पडद्यावरचे ते म्हातारे आमच्या देवळाच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांसारखे खोकायचे.

तुमची पद्धतही आठवते. आपल्याकडे प्रोजेक्टर एकच. एक रीळ संपलं की दिवे लागायचे, दुसरं चढवेपर्यंत चार-पाच मिनिटं जायची. त्या प्रिंटवर खाली इंग्रजी अक्षरंही नसायची. म्हणून तुम्ही आदल्या आठवड्यात टेबलावरच्या छोट्या पडद्यावर सगळा चित्रपट पाहून कार्डं लिहून ठेवायचात, आणि दिवे लागले की माइकपाशी उभं राहून, आत्ता पाहिलं त्यात कोण काय बोललं ते मराठीत सांगायचात. लोक शेंगदाणे खात ऐकायचे. काही जण तर म्हणायचे, आम्ही चित्रपटापेक्षा मधल्या दिव्यांसाठी येतो.

त्या आठवड्यात ती प्रिंट माझ्या टेबलावर होती. चार रिळं, चार डबे. तिसऱ्या आणि चौथ्या रिळाच्या सुरुवातीच्या पट्ट्या चिरफाळलेल्या, म्हणून त्या काढून मी नव्या कोऱ्या जोडल्या. त्यांच्यावर कितवं रीळ ते आकडे घालायचे बाकी होते. दोन्ही रिळं टेबलावर शेजारी शेजारी उघडी. तेवढ्यात खालच्या दुकानदाराने हाक मारली, गावाहून फोन आहे. थोरला भाऊ होता. “बाबाची तब्येत बरी नाही. येऊन जाय एक डाव.” मी विचारलं, बाबाने बोलावलंय का? तो म्हणाला, “तुले माहीत हाय ना त्याचा स्वभाव. तो काय म्हणते?”

माहीत होतं. आम्ही गुरव. गावच्या महादेवाची पूजा पिढ्यान्पिढ्या आमच्या घरात. बाबांची इच्छा होती की देवाला पाणी माझ्या हातचं पडावं. मी निघताना म्हणालो होतो, आयुष्यभर घंटा बडवत बसणार नाही. तेव्हापासून तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मी जिना चढून वर आलो, रिळं डब्यांत घातली, झाकणं लावली. तुम्ही विचारलंत, “गावी जायचंय का?” मी म्हणालो, “नाही सर, शनिवारचा खेळ आहे.” तुम्ही नुसतं “हं” केलंत.

आता मी डोळे मिटून तो खेळ पुन्हा पाहतो आहे. संध्याकाळचे सहा. मी शेवटच्या रांगेत. दुसरं रीळ संपतं, मुलगा शहरातल्या कारखान्यात आहे आणि गावाहून पत्र आलंय. तुम्ही पत्र वाचून दाखवता. दिवे जातात. आणि पडद्यावर एकदम प्रेतयात्रा. बापाची पेटी बर्फावरून घसरगाडीवर चाललीय, घंटा वाजतेय, आणि मुलगा चर्चच्या बाहेर टोपी हातात घेऊन उभा आहे, आत जात नाही. दार बंद होतं. दिवे लागतात. तुम्ही उठता. हातात कार्ड आहे. तुम्ही त्याच्याकडे बघता, मग पाणी पिता, मग कार्ड कोटाच्या खिशात घालता. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. मला वाटलं, सर गहिवरले. मग तुम्ही कार्डाशिवाय बोललात. पाद्री काय म्हणाला, शेजारीण काय म्हणाली ते सांगितलंत, आणि शेवटी म्हणालात, “आता पुढे दिसेल ते घडून गेलेलं आहे. बाप गेल्यावर मुलाला जे दिसतं ते. माणूस गेला तरी ताट वाढलेलं असतं. उशीर झाला तरी वाढलेलं असतं.”

मग ते दृश्य. स्वयंपाकघर, चूल, खिडकीला बर्फ. बाप आणि मुलगा समोरासमोर, बोलत नाहीत. बाप पाव उचलतो, सुरीच्या टोकाने त्याच्या पाठीवर क्रूस काढतो, पहिला तुकडा कापतो आणि मुलाकडे सरकवतो. माझे बाबा जेवण्याआधी ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि चार शितं बाजूला ठेवायचे, तसंच ते. मुलगा तुकडा उचलतो, आणि तिथेच आपल्याकडे चित्रपट संपला. शेवटची पाटी त्या प्रिंटमध्ये नव्हतीच, कधीतरी कुठेतरी तुटून गेलेली. नंतरच्या चर्चेत एक निवृत्त प्राध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, काळाची अशी उलटापालट करण्याची छाती फक्त याच दिग्दर्शकाची. तुम्ही म्हणालात, “दिग्दर्शकाला कळवतो.” सगळे हसले. मीही हसलो, सर.

मी गावी गेलो नाही. तुमचं वाक्य मला पुरलं होतं. उशीर झाला तरी ताट वाढलेलं असतं, मग एवढी घाई कशाला, दिवाळीला जाऊ, असं मी स्वतःला म्हणालो. पुढच्याच आठवड्यात बाबा गेले. मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. परत आलो तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “त्या दिवशी मी...” आणि थांबलात. मग म्हणालात, “जेवलास का?” आणि काही दिवसांनी, अगदी सहज, मी डबे लावत असताना, “डबा बंद करताना झाकणाकडे बघू नये. आत काय आहे ते बघावं.” मी ते सुभाषितासारखं मनात ठेवलं. नव्या मुलांना शिकवलंही. इतकी वर्षं मी तुमच्या त्या वाक्यावर जगलो. श्राद्धाला पान वाढताना मनात तेच म्हणतो. मुलीला लहानपणी झोपवताना तोच पिक्चर सांगितला, बाप जातो, मग पाव देतो.

आणि परवा पडद्यावर आधी पाव आला. पत्र येतं, मुलगा घरी जातो, बाप पाव कापतो. सगळं घडतंय, आत्ता, जिवंतपणी. मुलगा गेला म्हणून मिळालाय तो तुकडा. मुलगी माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, “बाबा, अजून बराच पिक्चर शिल्लक आहे. तुम्ही तर म्हणाला होतात हा शेवट!” मग घंटा वाजली.

सर, मी हे उलटसुलट करून पाहतो आहे आणि काही केल्या नीट लागत नाही. त्या शनिवारी रिळं बरोबर लागली असती तर मी सभागृहातून थेट स्टँडवर गेलो असतो. याची मला खात्री आहे. मग कधी वाटतं, नाही, खात्री नाही, मी दुसरी सबब काढली असती. तुम्ही खेळ थांबवला असता तर सगळ्यांसमोर माझी चूक उघडी पडली असती. तुम्ही मला झाकलंत. त्यासाठी एक गोष्ट रचलीत, आणि त्या गोष्टीने मला थांबवलं. तुम्हाला माझ्या बाबांचं माहीत होतं का? ते वाक्य तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात की माझ्या डोक्यावरून प्रोजेक्टरकडे बघून, चढलं का रीळ म्हणून? मला उपकार मानायचे आहेत आणि रागही धरायचा आहे. आणि राग धरायला गेलो की टेबलावर ती दोन उघडी रिळं दिसतात आणि त्यांच्यावर माझेच हात. महादेवाला विचारलं. तो कधी बोलतो थोडाच. मग असंही मनात येतं की वाक्य रचलेलं असलं म्हणून खोटंच ठरतं का? इतकी वर्षं मी पान वाढलंय ते काय कोणाला पोचलंच नसेल? यापुढे डोकं चालत नाही.

बाहेर पडल्यावर आम्ही मंडईजवळ चहाला थांबलो. मुलगी हुशार आहे, तिने लगेच ताडलं. म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडे रिळंच उलटी लागली होती! आणि एवढे विद्वान लोक बसून चर्चा करत होते?” ती इतकी हसली की चहा सांडला. मग माझा चेहरा बघून तिने हसू आवरलं. तिला आजोबांचं सगळं माहीत आहे, मी का गेलो नाही तेही मीच तिला सांगितलेलं. तिने हळूच विचारलं, “बाबा, डबे कोणी भरले होते?”

मी पेला खाली ठेवला. म्हणालो, “सरांनी. वय झालं होतं त्यांचं.”

“बिचारे,” ती म्हणाली. “त्यांना कळलं तरी असेल का?”

मी म्हणालो, नसेल.

येत्या रविवारी ती जेवायला येणार आहे. तिच्या पानात पहिली भाकरी वाढेन तेव्हा खरं सांगायचं, असं ठरवलंय. पण असं ठरवून दिवाळीवर ढकलणारा माणूस तुम्ही पाहिलेला आहे.